खाऱ्या वाऱ्यातला कोबा : प्रस्तावना

रेवसपासून हरिहरेश्वरापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं की एक बदल लगेच डोळ्यांत भरतो. शेणाने सारवलेली खळी कमी झाली आणि त्यांच्या जागी कोबा आला. विहिरीभोवतीचा धक्का, पंपाखालचा ओटा, मागच्या दारची धुण्याभांड्यांची मोरी, वाडीत उतरायच्या चार पायऱ्या, कोळीवाड्यातले मासळी सुकवायचे ओटे, ही सगळी कामं आता सिमेंटची झाली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात जमिनीवर आलं. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग तालुक्यांत घरांची कौलं-पत्रे उडाले, माड-पोफळी आडव्या झाल्या, आणि माड पडले ते कुणाच्या पडवीवर, कुणाच्या गडग्यावर, कुणाच्या पायऱ्यांवर. एवढ्या घरांना एकाच वेळी गवंडी कुठून पुरणार? तेव्हा अनेकांनी स्वतःच घमेलं उचललं, आणि एकदा हाताला सवय लागल्यावर नंतरची लहानसहान कामंही घरच्या घरी करायला सुरुवात केली.

ही पुस्तिका त्यांच्यासाठी आहे. स्लॅब, कॉलम, बीम यांच्यासाठी नाही; त्याबद्दल पुढे बोलेनच. इथे विषय आहे तो घरच्या माणसांना दोन-चार दिवसांत उरकता येतील आणि चुकली तरी कुणाच्या डोक्यावर पडणार नाहीत अशा कामांचा.

ही कामं किनाऱ्यावर लवकर बिघडतात, हे खरं आहे. दोन पावसाळ्यांत वरचा थर भुसभुशीत होतो आणि केर काढताना राखाडी पूड निघते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी भेग जाते. कुंपणाच्या खांबाच्या आतली सळई फुगते आणि बाजूची ढलपी गळून पडते. मग कुणी म्हणतं सिमेंट खराब होतं, कुणी म्हणतं समुद्रापुढे कुणाचं काय चालणार. मला ही दोन्ही निदानं पटत नाहीत. बहुतेक ठिकाणी चूक पाण्यापाशी झालेली असते. माल कालवताना आपण सढळ हाताने पाणी ओततो आणि काम झाल्यावर पाणी मारायची वेळ आली की हात आखडतो. करायला हवं याच्या नेमकं उलटं. त्यातून ते पाणी गोडं आहे की मचूळ, याची चौकशी क्वचितच होते. पुढची सगळी प्रकरणं या एकाच गोष्टीभोवती फिरतात, म्हणून प्रस्तावनेत तिचा नीट खुलासा करतो.

आधी मिठाचं काम समजून घेऊ. सिमेंट स्वभावाने अल्कधर्मी आहे. ताज्या, घट्ट काँक्रीटमध्ये पुरलेल्या सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि तो आहे तोवर लोखंड गंजत नाही. मिठातलं क्लोराइड हा थर फोडतं. ते वाऱ्याबरोबर उडणाऱ्या तुषारांतून बाहेरून झिरपतं किंवा खाऱ्या वाळूतून, मचूळ पाण्यातून आपणच ते आत घातलेलं असतं. थर फुटल्यावर सळई गंजू लागते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते आणि ती जागा तो आतून रेटून मिळवतो. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण मात्र त्याला सोसत नाही. त्यामुळे सळईच्या रेषेत बारीक भेग पडते, तिच्यातून तपकिरी ओघळ येतो, मग ढलपी सुटते आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला खारा वारा थेट भिडतो. एकदा इथवर गेलेल्या खांबाला वरून सिमेंट फासून काही उपयोग होत नाही.

यावर सर्वांत सोपा उपाय अलिबागेतच उभा आहे. इथली चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून काम करते आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडणार, म्हणून उपकरणं खाडीपलीकडे अलिबागेला आणली. उपकरणांना लोखंडाची बाधा होऊ नये यासाठी इमारतीला पारखून आणलेला पोरबंदरी दगड वापरला आणि बिजागऱ्या-कड्या तांब्या-पितळेच्या बसवल्या. बांधणाऱ्यांच्या मनात गंज नव्हता, चुंबकसूची होती. पण जिथे लोखंडच नाही तिथे मीठ कुणाला खाणार? शंभराहून अधिक वर्षं खाऱ्या हवेत काढून ती वास्तू अजून वापरात आहे. तिथून जवळच, भरतीला पाण्याने वेढला जाणारा कुलाबा किल्ला आहे. त्याच्या तटाचे मोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळते, पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. (जाता जाता एक योगायोग: वेधशाळेला दगड पुरवणाऱ्या त्याच पोरबंदरात १९१४ मध्ये आपल्याकडच्या सिमेंट कारखानदारीचा पाया घातला गेला. त्याआधी या किनाऱ्यावर बांधकाम चालायचं ते घाणीत मळलेल्या चुन्यावर.)

यातून घरच्या कामासाठी पहिला नियम निघतो: गरज नसेल तिथे सळई घालू नका. जमिनीवर टेकलेला कोबा, पंपाचा ओटा, मातीवर बसवलेल्या पायऱ्या, विहिरीभोवतीचा धक्का यांना खालून जमिनीचा आधार असतो. यांना लोखंड लागत नाही. ‘मजबुतीसाठी’ म्हणून वाडीत पडलेल्या जुन्या सळया किंवा कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी कोब्यात टाकायची पद्धत आहे. तिने मजबुती येत नाही, फक्त गंजायला काहीतरी मिळतं. चांगला ठोकलेला मुरूम आणि योग्य अंतरावर सोडलेले सांधे कोब्याला यापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

जिथे सळई टाळता येत नाही, उदाहरणार्थ कुंपणाच्या खांबात किंवा मोरीवरच्या झाकणात, तिथे कव्हर सांभाळायचं. सळईपासून काँक्रीटच्या बाहेरच्या अंगापर्यंतचं अंतर म्हणजे कव्हर. सळईखाली खडीचा एखादा तुकडा सरकवून पाऊण इंच मोकळा ठेवला की झालं, अशी आपल्याकडची समजूत आहे. आय. एस. ४५६ हे २००० सालचं भारतीय मानक किनाऱ्यावरच्या हवेला ‘तीव्र’ गटात टाकतं आणि तिथे ४५ मिलिमीटर कव्हर मागतं. समुद्राचे तुषार प्रत्यक्ष अंगावर येत असतील तर ५०. पाऊण इंच म्हणजे जेमतेम २० मिलिमीटर. ते मानकात कोरड्या, सौम्य हवेसाठी आहे. चार इंची खांबात दोन्ही बाजूंनी ४५ सोडायचे तर सळईला मध्ये जागाच उरत नाही, हे लगेच लक्षात येईल. म्हणूनच कुंपणासाठी जांभ्याचा गडगा किंवा दगडी खांब परवडत असेल तर तोच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पाण्याकडे येऊ. पिता येतं ते पाणी कालवायला चालतं, हा जुना ठोकताळा अजूनही भरवशाचा आहे. मानकाच्या भाषेत, लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड चालतं आणि लोखंड नसलेल्यासाठी २००० पर्यंत. वाडीतली विहीर यातल्या कुठल्या बाजूला आहे हे महिन्यावर ठरतं. पावसानंतर तुडुंब भरलेली विहीर गोडी असते. उपसा वाढत जातो, पातळी उतरते आणि एप्रिल-मे उजाडेपर्यंत किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरी मचूळ होतात. नेमकी तेव्हाच आपल्याकडे बांधकामाची घाई असते: शाळांना सुट्ट्या, मुंबईची माणसं घरी आलेली आणि पुढे पाऊस. विहिरीबद्दल शंका असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्या, किंवा त्या कामापुरतं नळाचं पाणी साठवा. समुद्राचं किंवा खाडीचं पाणी कशालाच नको, कालवायलाही नको आणि नंतर मारायलाही नको.

म्हणून मला विचाराल तर या किनाऱ्यावर घरच्या काँक्रीटचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि जानेवारीअखेर संपतो. विहिरी भरलेल्या असतात, ऊन सोसण्याजोगं असतं, अवचित सरीची धास्ती नसते. गणपतीला चाकरमानी येणार म्हणून श्रावणात अंगण उरकायचं, हा हट्ट सोडावा. ताज्या कोब्यावर एक जोराची सर पडली की वरचं सिमेंट धुऊन जातं आणि वाळू उघडी पडते. गणपतीला नवं अंगण हवं असेल तर ते आदल्या वर्षीच्या मार्गशीर्षात करा.

वाळूबद्दल किनाऱ्यावर राहणाऱ्याला सावध करावंच लागतं, कारण वाळू दारातच पडलेली दिसते. पुळणीवरची वाळू उचलू नये. ती उचलायला कायद्याची बंदी आहे हे एक, आणि दुसरं असं की तिच्यात मीठ असतं, शिंपल्यांचे तुकडे असतात आणि दाणे सगळे एकाच मापाचे असतात. लहानमोठे दाणे एकमेकांच्या फटी भरतात. एकाच मापाचे दाणे फटी मोकळ्या सोडतात, आणि त्या भरायला सिमेंटही जास्त लागतं, पाणीही. खाडीतली रेती, मग ती हातपाटीने काढलेली असो नाहीतर पंपाने, गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुतल्याशिवाय घेऊ नका, आणि लोखंड असलेल्या कामात धुतलेली सुद्धा नको. क्रशरवरची धुतलेली क्रश सँड आता सगळीकडे मिळते आणि मीठ नसल्यामुळे आपल्यासाठी ती बरी. मात्र क्रश सँड म्हणून डस्ट गळ्यात मारली जाते, तेव्हा गाडी रिकामी करण्याआधी मूठभर घेऊन चोळून पाहा. हाताला पिठासारखी भुकटी चिकटून राहिली तर परत पाठवा. वाळूत माती किती आहे हे काचेच्या बाटलीत कळतं: अर्धी बाटली वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, खळखळून हलवा आणि तीन तास हात लावू नका. वाळूवर साचलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या बाराव्या हिश्शाहून जाड दिसला तर ती वाळू धुवायला हवी.

सिमेंटच्या गोणीवर भरल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचून घ्या. समुद्राच्या दमट हवेत गोणी ओल धरते. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटचा पाचवा हिस्सा जोर गेलेला असतो असं धरून चालावं. भिंतीपासून दूर, फळ्यांवर, प्लॅस्टिकखाली ठेवा आणि लागतील तेवढ्याच गोण्या आणा. दुकानात बहुधा पीपीसी मिळतं, म्हणजे ज्यात औष्णिक वीजकेंद्रातली राख मिसळलेली असते ते. किनाऱ्यावर ते अडचणीचं नाही, उलट फायद्याचं आहे: राखेमुळे काँक्रीटची आतली छिद्रं बारीक होतात आणि मीठ सावकाश शिरतं. इटलीच्या किनाऱ्यावर रोमन लोकांनी ज्वालामुखीची राख आणि चुना मिसळून बांधलेले धक्के दोन हजार वर्षं समुद्रात उभे आहेत. त्यांतही लोखंड नव्हतं. पण राखेचं हे काम सावकाश चालतं आणि ते चालू राहायला ओल लागते. पीपीसी वापरून चार दिवसांत पाणी मारणं थांबवलं, तर त्याचा फायदा वाया जातो आणि नुसता मंदपणा पदरी पडतो.

प्रमाण सोपं आहे, आणि मोजून घेतलं तर चुकायला फारसा वाव नाही. मानकानुसार किनाऱ्यावरच्या बिनसळईच्या काँक्रीटलाही एम-२० दर्जा लागतो. घरगुती मापात त्याचा अर्थ एकास दीड, तीन. पन्नास किलोच्या गोणीत सुमारे ३५ लिटर सिमेंट असतं. पंधरा लिटरची बादली घेतली तर एका गोणीला साडेतीन बादल्या वाळू आणि सात बादल्या खडी. पाणी पंचवीस लिटर, त्याहून जास्त नाही. एवढ्यात सव्वाचार ते साडेचार घनफूट काँक्रीट होतं. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि तीन इंच जाड अंगणाला साधारण सहा गोण्या लागतात. हाताने कालवणार असाल तर दर गोणीमागे दहावा हिस्सा सिमेंट जास्त घाला; सरकारी बांधकामातही ही रीत आहे, कारण हाताने कालवलेला माल मिक्सरइतका एकजीव होत नाही.

घमेल्याने मोजू नका. घमेलं कुणी शिगोशीग भरतो, कुणी सपाट, आणि सकाळचा उत्साह दुपारी उरत नाही. बादली भरा, वर फळी फिरवा, ओता.

त्या पंचवीस लिटरांचा हिशेब जरा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे, कारण बिघाड तिथेच होतो. सिमेंटला दगड बनायला जेवढं पाणी लागतं, त्याहून जास्त ओतलेलं पाणी काँक्रीटमध्ये जागा अडवून बसतं आणि पुढे उडून जातं. त्याची जागा रिकामी राहते. ती छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात आणि मिठाला आत जायची वाटही तीच. माल घट्ट वाटला की पाइपने एक धार मारायची, हे प्रत्येक साइटवर दिसतं. माल सहज पसरतो, हात दुखत नाहीत, आणि तेवढ्यानेच त्या काँक्रीटचा टिकाऊपणा जातो. शिवाय वाळूच ओली असते. एका गोणीला लागणारी वाळू सुमारे ऐंशी किलो. तिच्यात पाच टक्के ओल असली तरी चार लिटर पाणी आधीच मालात आलेलं असतं. तेवढं बादलीतून वजा करा. ओल्या वाळूची आणखी एक खोड म्हणजे ती फुगते. दाण्यांभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो, दाणे एकमेकांपासून सरकतात आणि बादली भरलेली दिसली तरी आत वाळू कमी असते. नुसती दमट वाळू पाव हिश्शाने सहज फुगते. तेव्हा साडेतीनच्या जागी सव्वाचार बादल्या घ्याव्या लागतात. कोरडी वाळू आणि पाण्याने निथळणारी वाळू यांना हा त्रास नसतो.

कालवायची जागा पत्रा किंवा जुना कोबा असावी, माती नको. आधी वाळू आणि सिमेंट कोरडं फिरवा, रंग एकसारखा दिसेपर्यंत. मग खडी. मग ढिगाचं आळं करून निम्मं पाणी आत, कडा आत ढकलत फावड्याने उलटवत जा, आणि उरलेलं पाणी झारीने थोडं थोडं. योग्य माल फावड्यावर उचलला तर ओघळत नाही आणि फावड्याच्या पाठीने थोपटला की वर चकाकी येते. पाणी घातल्यापासून अर्ध्या तासात तो जागेवर पडायला हवा. पाऊण-एक तासाने आळलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो ‘जिवंत’ करायचा प्रकार कधीही करू नये. म्हणून एका वेळी एकाच गोणीचा माल कालवा.

हातमोजे आणि गमबूट घाला. ओलं सिमेंट कातडी जाळतं, आणि ते लगेच कळत नाही. गुडघे टेकून दिवसभर घोटाई करणाऱ्याला संध्याकाळी फोड आलेले दिसतात. डोळ्यात गेलं तर गोड्या पाण्याने बराच वेळ धुऊन थेट डॉक्टरकडे जा.

घोटाई हा या कामातला सर्वांत देखणा भाग, आणि सर्वांत जास्त घाई तिथेच होते. माल ओतला, लोखंडी बाराने किंवा फळीच्या धारेने कोचून बसवला, दोन पट्ट्यांवरून पाटा पुढेमागे सरकवत ओढला. पाटा ओढून झाला की पृष्ठभागावर पाणी येऊ लागतं. जड खडी-वाळू खाली बसते, पाणी वर येतं, हे व्हायचंच. आता थांबायचं. या पाण्यावर थापी फिरवली तर ते सिमेंटच्या पातळ साईत परत दाबलं जातं आणि वरच्या एक-दोन मिलिमीटरांत जवळपास नुसतं पाणी आणि सिमेंट उरतं. दोन पावसाळ्यांनी झाडताना निघणारी ती राखाडी पूड म्हणजे हाच थर. पाणी लवकर सुकावं म्हणून त्यावर कोरडं सिमेंट शिंपडायची सवय त्याहून वाईट, कारण वरचा थर खालच्यापासून वेगळा आकसतो आणि त्यावर केसासारख्या भेगांचं जाळं उमटतं.

किती थांबायचं हे घड्याळ सांगत नाही. सावलीत, डिसेंबरच्या सकाळी दोन तास लागतील. फेब्रुवारीच्या दुपारी वारा सुटला तर अर्धा तास. पृष्ठभाग तिरका बघा. चकाकी जाऊन तो मंद दिसू लागला की अंगठा दाबून पाहा. ठसा उमटला पण बोटाला पाणी लागलं नाही आणि अंगठा पाव इंचाहून खोल गेला नाही, की लाकडी रंधा घ्या. रंध्याने गोल फिरवत उंचसखल एक करा. मग पुन्हा थोडं थांबून लोखंडी थापी, कड किंचित उचलून, लांब पल्ल्याने. मोरी आणि ओट्यांना तिचा दुसरा हात द्या. अंगणाला मात्र देऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि गुळगुळीत घोटलेल्या अंगणावर आषाढात शेवाळ धरलं की घरातल्या वयस्क माणसाला तुळशीपर्यंत जाणंही धोक्याचं होतं. थापीच्या पहिल्या हातानंतर माडाच्या हिरांचा खराटा एकाच दिशेने, उताराला धरून, हलक्या हाताने ओढा. त्या रेघांवर पाय ठरतो आणि पाणीही त्याच वाटेने जातं. उतार आठ फुटाला एक इंच पुरतो, आणि तो घरापासून दूर असावा.

सांध्यांबद्दल थोडक्यात: कोबा आकसणार आहे आणि आकसताना फुटणार आहे, तो कुठे फुटावा हे आपण ठरवायचं. तीन इंची कोब्यात सहा-सात फुटांवर, जाडीच्या पाव हिश्शाइतकी खोल रेघ पाडा किंवा सुरुवातीलाच पट्टी घालून चौकोन वेगळे भरा. विहिरीचा कठडा, घराचं जोतं, माडाचं बूड यांना कोबा चिकटवू नका; मध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवा.

आता पाणी मारणं. पुस्तिकेतलं सर्वांत मोठं प्रकरण याच विषयावर आहे.

काँक्रीट वाळून घट्ट होतं, ही समजूत आधी टाकून द्यायला हवी. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि त्या क्रियेतून दगड तयार होतो. ओल संपली की क्रिया थांबते. काँक्रीटच्या छिद्रांतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या खाली गेली की ती जवळजवळ बंदच पडते. ‘आपल्याकडे हवाच दमट, वेगळं पाणी कशाला?’ असं किनाऱ्यावर हमखास ऐकू येतं. पण दुपारी सुटणारा समुद्राचा वारा आणि डोक्यावरचं ऊन मिळून पातळ कोब्याची वरची इंचभर ओल काही तासांत ओढून नेतात. जोर यायचा, झीज सोसायची आणि मीठ अडवायचं, ही तिन्ही कामं त्याच वरच्या इंचाकडे आहेत.

घोटाई संपल्यापासूनच राखण सुरू होते. बांबूच्या चौकटीवर झावळ्या टाकून सावली करा, कोब्याला टेकू न देता. वाऱ्याच्या बाजूला आडोसा धरा. दहा-बारा तासांनी नखाने ओरखडा उठेनासा झाला की ओली गोणपाटं अंथरा आणि त्यांवर प्लॅस्टिक घालून कडांना दगड ठेवा. गोणपाटं आधी गोड्या पाण्यात खळखळून घ्या, विशेषतः मासळीची किंवा मिठाची असतील तर. दिवसातून एकदा प्लॅस्टिक उचलून बघा. ओल कमी वाटली तर झारीने पाणी घाला. पाण्याची ददात नसेल तर मातीचे वाफे बांधून इंचभर पाणी तुंबवणं उत्तम. दहा बाय दहाच्या अंगणाला एका वेळी सुमारे २३५ लिटर पाणी लागतं. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून जाणं म्हणजे पाणी मारणं नव्हे. मधल्या दहा तासांत कोबा पार सुकतो, पुन्हा भिजतो, पुन्हा सुकतो आणि या ओढाताणीत भेगा पडतात.

किती दिवस? मानक साध्या सिमेंटला किमान सात आणि राख मिसळलेल्याला दहा सांगतं. कोरड्या, कडक उन्हाळ्यात दहा आणि चौदा. आपल्या घरचं काम आहे, मजुरी वाढत नाही, तेव्हा सरळ चौदा धरा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करा आणि घरातल्या एकाच माणसावर ती जबाबदारी टाका, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बघितलं असेल. पहिले तीन दिवस वर चालू नका, सात दिवस मोटारसायकल नको, आणि गाडी अठ्ठावीस दिवसांनंतर. मासळीच्या ओट्यांवर तर महिनाभर मीठ पडू देऊ नका. कोवळ्या काँक्रीटला खारवणाचा त्रास पिकलेल्यापेक्षा किती तरी जास्त.

आता जे इथे नाही ते. डोक्यावर येणारी कुठलीही गोष्ट, म्हणजे स्लॅब, छज्जा, गॅलरी, उंचावरची टाकी. तसंच समुद्राच्या बाजूची संरक्षक भिंत आणि उतारावरची माती अडवणारी तीन फुटांहून उंच भिंत, यांना अभियंता हवा. किनारा नियमन क्षेत्रात नवं बांधकाम करायला परवानगी लागते, आणि आपली बरीच गावं त्या पट्ट्यात येतात. ग्रामपंचायतीत आधी विचारा. आणि जवळपास कुणी जुना, कसबी गवंडी असेल तर पहिल्या दिवशी त्याला मजुरी देऊन बोलवा. मी वर जे सांगितलं त्यातलं अर्धं त्याच्या हातात आहे, आणि पाण्याच्या मापाबद्दल त्याच्याशी मतभेद झालाच तर बादली पुढे करा, तोही समजून घेईल.

प्रकरणांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे, बांधकामाच्या पुस्तकांत असतो तसा पायापासून छपरापर्यंत नाही. सुरुवात पंपाच्या ओट्याने केली आहे. अडीच फूट रुंद, तीन फूट लांब, सहा इंच जाड. सळई नाही, एका गोणीच्या मालात बसतो आणि दोघं जण सकाळच्या सावलीत उरकतात. अंगण शेवटच्या प्रकरणात आहे. मधल्या कामांत मोरी, धक्का आणि पायऱ्या येतात, आणि प्रत्येकाच्या शेवटी साहित्याची मापं पंधरा लिटरच्या बादलीत दिली आहेत. तुमच्या घरची बादली वेगळ्या मापाची असेल तर काम सुरू करण्याआधी ती एकदा लिटरच्या मापाने भरून बघा आणि आतून खूण करून ठेवा.